सगळ्यात सावकाश चालणारं यंत्र

“चार तासांचं काम वीस मिनिटांत,” दुकानदार म्हणाला, आणि बायकोबरोबर यंत्र बघायला आलेला तो दचकला. तसं पाहिलं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. असली वाक्यं बोलायलाच दुकानदार जन्माला येतात. समोरच्या लोखंडी टेबलावर पोलाद घासायची लहान-मोठी तीन यंत्रं मांडून ठेवली होती, तिन्हींवर तपकिरी घासपट्टे चढवलेले होते, आणि शनिवारची भर दुपार असल्यानं दुकानात त्या दोघांशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदारानं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, वीस मिनिटांचा आकडा सांगितला. बायको त्याच्या उजव्या हाताला उभी होती. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “ऐकलंत ना? वीस मिनिटं.” त्यानं हसून मान डोलावली. आपण हसतोय हे त्याला गालाच्या ताणावरून कळत होतं. वीस मिनिटांनंतर काय, हा प्रश्न त्या दुकानात फक्त त्याला एकट्याला पडला होता, आणि तो तोंडातून काढायची सोय नव्हती.

गेली तीन वर्षं दर शनिवारी आणि रविवारी दोन ते सहा तो मागच्या बाल्कनीत असे. बाल्कनी कसली, दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकणार नाहीत असा तो कोनाडा. एका बाजूला कपडे धुवायचं यंत्र, त्यावर आडवी फळी, फळीला आवळलेला व्हाइस, आणि व्हाइसच्या जबड्यात पोलादाची पट्टी. हातात कानस घ्यायची, पुढे रेटायची, उचलायची, मागे आणायची. दर वेळी केसाइतकं पोलाद जातं, तेही पोलादाच्या मनात असेल तर. त्या पट्टीच्या दोन्ही अंगांना सारखा उतार यावा लागतो, एकीकडे जास्त गेलं की दुसरीकडे तेवढंच काढा, मग पुन्हा पहिलीकडे. उतार जमला की पट्टी भट्टीवाल्याकडे न्यायची. तो ती लाल करून तेलात बुडवी, कडक करी; त्यालाच पाणी देणं म्हणतात. मग पुन्हा बाल्कनी, पुन्हा पॉलिश कागदानं घासणं, मूठ बसवणं. अशा नऊ सुऱ्या त्यानं केल्या होत्या. स्वयंपाकघरात चार झाल्या तेव्हा बायकोनं हात जोडले. मग तो त्या वाटत सुटला. कचेरीतल्या साहेबांच्या निरोप समारंभालासुद्धा सुरीच दिली, आणि साहेब ती हातात धरून बराच वेळ, नेमकं काय सुचवायचंय या माणसाला, असा चेहरा करून बसले होते. कचेरीत तेव्हापासून त्याला ‘धारवाले’ म्हणत. त्याला ते आवडे. तो विचारणाऱ्याला सांगे की हातानं घासण्यात एक वेगळीच मजा असते, पोलाद आपल्याशी बोलतं. पोलाद कधीही बोललं नव्हतं, आणि म्हणूनच तर तो त्याच्याकडे जात होता. चार तास कुणी बोलत नसे. काचेचं दार बंद असे, कारण लोखंडाचा कीस घरात गेला तर दादांना खोकला होईल. हे कारण इतकं चोख होतं की त्याला स्वतःलासुद्धा ते खरं वाटे.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, तीस वर्षं शहरात बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर सात महिन्यांत एका सकाळी बेसिनपाशी उभ्याचे आडवे झाले. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, उरला एकच शब्द, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, औषध घशात अडकून डोळ्यांत पाणी आलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं कधीकधी, सगळी भाषा वाहून जाते आणि एखादा शब्द तळाशी चिकटून राहतो. भावाला घरी आणायचं हे त्यानं इस्पितळाच्या जिन्यातच ठरवलं होतं, आणि बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “विचारताय काय? दुसरं कोण आहे त्यांना?” त्या वेळी त्याला भरून आलं होतं. पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली, आणि त्याच्याही पुढच्या महिन्यात त्यानं पहिली कानस विकत आणली. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या असत्या तर त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायलाही त्या बाल्कनीत जागा उरली नसती.

“हे सगळ्यात लहान,” दुकानदार पहिल्या यंत्रावर थाप मारून सांगत होता. “एक इंची पट्टा. घरगुती कामाला ठीक. पण खरं सांगू का, तुम्ही पात्याचा उतार काढणार म्हणताय, तर जोर दिला की हे मान टाकतं, थांबतं. पट्ट्यामागची पाठपट्टीही पातळ आहे, दबते. मग पातं सपाट होत नाही, पोटफुगीर होतं.” तिसरं यंत्र मोठं होतं, कारखान्यात शोभणारं, ते बाल्कनीत ठेवलं असतं तर त्याला घरात राहावं लागलं असतं. मधलं दोन इंची होतं. त्याला वेग कमी-जास्त करायचं बटण होतं. बायकोनं पर्स उघडली आणि घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढला. गेल्या रविवारी तिनं फळीवरच्या मोकळ्या जागेच्या मापाचा कागद कापला होता, कडा पट्टी धरून, एक रेषही इकडेतिकडे नाही. तो कागद तिनं मधल्या यंत्राखाली सरकवला. यंत्र कागदात मावलं. दोन बोटं जागा उरली. आत कुठेतरी तो यंत्र मावणारच नाही या भरवशावर होता. त्या भरवशावरच तर तो बायकोबरोबर हसतखेळत इथवर आला होता.

मग त्यानं आवाजाचं काढलं. शेजारी तक्रार करतील. बायको म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, आत्ता दादांपाशी बसल्या आहेत त्यांना, विचारून झालंय, त्या म्हणाल्या दिवसाउजेडी काय वाटेल ते करा. आणि दादांना? दादांनी तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून काढली, त्यांना कसला आवाज! त्यानं धुळीचं काढलं. दुकानदारानं यंत्राच्या बुडाशी असलेलं भोक दाखवलं, इथे व्हॅक्युमची नळी लावायची, निम्म्याहून जास्त धूळ तिथेच जाते. उरलेली खाली पाण्याची बादली ठेवली की तीत पडते. ठिणग्या? त्याच बादलीत. लाकडाची मूठ घासाल तेव्हा मात्र आधी भुसा झाडून घ्या, ठिणगी त्याला पेटवते, एवढंच पथ्य. त्याचा एकेक मुद्दा बायको आणि दुकानदार दोघांनी मिळून असा काही निकालात काढला की जणू दोघं घरून तयारी करून आले होते. दुकानात पंखा चालू होता तरी त्याच्या मानेवर घाम आला. मागे शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, उन्हासाठी, आणि त्याखालून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे फक्त पाय दिसत होते. ते सगळे कुठे ना कुठे जात होते.

कचेरीत तो रजा विभागात होता. हा मोठाच विनोद होता आणि तो सगळ्यांनी करून जुना झाला होता. तीनशे माणसांच्या रजेचे अर्ज त्याच्या टेबलावरून जात. कारणाच्या रकान्यात लोक काय काय लिहीत. घरगुती अडचण. दातदुखी. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, तेही एकाच सासूबाईंचं चार वेळा. एकानं एकदा नुसतं ‘थकलो’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्यानं तो अर्ज कारण अपुरं असा शेरा मारून परत पाठवला होता. नियमानंच परत पाठवला होता. पण तो शब्द त्याच्या मागे घरापर्यंत आला, जेवताना ताटाशेजारी बसून राहिला. कारण सांगायला लागतं, सरळ सांगून भागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून तर त्यानं स्वतःसाठी एक असं कारण तयार केलं होतं की ज्याला धार होती, मूठ होती, जे हातात धरून लोकांना दाखवता येत होतं. सुरी होतेय तोवर माणूस दाराआड असणारच. आणि सुरी व्हायला वेळ लागतोच.

बायकोनं कधी आदळआपट केली नाही, हीच खरी पंचाईत होती. तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी तिनं काचेचं दार दोन बोटांएवढं उघडलं होतं. त्यानं हात थांबवला. ती म्हणाली होती, “एक सांगू? रागावू नका. तुमचे चार तास म्हणजे माझे चार तास असतात.” एवढंच. आवाज चढलेला नव्हता, डोळे भरलेले नव्हते. मग तिनं दार पुन्हा नीट लावून घेतलं, कीस आत येऊ नये म्हणून. त्यानं कानस उचलली खरी, पण त्या दिवशी उतार एका बाजूला पार घसरला आणि पट्टी वाया गेली. ती भांडली असती तर तो भांडला असता, दोन दिवस अबोला झाला असता, आणि शनिवार पुन्हा शनिवारसारखा आला असता. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात ती यंत्रांची माहिती घेऊन आली. कुठून कुठून विचारून आली होती. “बंद कशाला करायचं? तुमचा जीव आहे त्यात,” ती म्हणाली, “लवकर होईल असं बघू.” असल्या चांगुलपणापुढे माणसानं करावं तरी काय? त्याला त्या क्षणी तिचा रागच आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटली होती.

“यांतलं सगळ्यात सावकाश चालणारं कुठलं?” त्यानं विचारलं.

 दुकानदाराचा चेहरा उजळला. “वा! जाणकार दिसताय. लोक येतात ते फास्ट द्या, फास्ट द्या म्हणत. अहो, वेगानं पातं तापतं, तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की पाणी उतरलं समजा. मग ती सुरी लोण्याच्या कामाची. पाणी दिलेल्या पोलादाला सावकाशच पाहिजे. हे मधलं सगळ्यात सावकाश जातं.” त्यानं बटण डावीकडे फिरवून दाखवलं. पट्टा सुस्तपणे फिरायला लागला, त्यावरचा जोडाचा ठिपका डोळ्यानं मोजता येईल इतका हळू. “बरोबर विचारलंय यांनी,” दुकानदार बायकोला म्हणाला, “साहेबांना कामातलं कळतं.”

 बायको त्याच्याकडे पाहत होती, आणि तिला सगळं कळलेलं आहे हे त्याला कळलं. वेगाचा प्रश्न पोलादाचा नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच. त्याला वाटलं आता ती बोलेल, इथेच, या परक्या माणसादेखत. पण तिनं नजर काढून घेतली आणि यंत्राच्या फिरत्या पट्ट्याकडे पाहत म्हणाली, “चालवून तर बघा.”

दुकानदारानं त्याला चष्मा दिला, तोंडाला बांधायला मास्क दिला, आणि पाणी दिलेल्या पोलादाचा एक तुकडा दिला. हातमोजे नाहीत, तो म्हणाला, उघड्या बोटालाच कळतं किती तापलं ते, आणि पट्टा मोजा ओढून घेतो. त्यानं तुकडा पट्ट्याला लावला. तीन वर्षं कानशीवर खांद्यापासून जोर देण्याची सवय. हात तसाच पुढे गेला. त्यानं रेटला. कानशीवर रेटल्याशिवाय काही होत नाही, इथे रेटायचं नसतं. ठिणग्यांचा झोत उडाला, बोटांना चटका बसला आणि त्यानं हात मागे घेतला तेव्हा तुकड्याची कड निळीजांभळी झाली होती. इतक्या सावकाश यंत्रावरही त्यानं पाणी उतरवून दाखवलं. “होतं, होतं,” दुकानदार घाईनं म्हणाला, “कानसवाल्यांचं हमखास होतं. हात हलका ठेवा. बुडवा, टेकवा, बुडवा, टेकवा.” त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा निळं. एक क्षणभर त्याला फार बरं वाटलं. नाही जमत, आपला हात पडला कानशीचा, जाऊ दे झालं, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलंसुद्धा.

“मला द्या बघू जरा,” बायको म्हणाली.

तिनं पर्स त्याच्या हातात दिली. पदर खोचला, चष्मा चढवला, मास्क बांधला, नवा तुकडा दोन्ही हातांत धरला, कोपरं अंगाशी घेतली. आणि तिनं तुकडा पट्ट्याला लावला असं म्हणता येणार नाही. तिनं तो पट्ट्याला नुसता भेटवला. बारीक सरसर आवाज आला. ठिणग्या थोड्या, एका रेषेत, बादलीत. ती कमरेतून डावीकडून उजवीकडे झुलली, तुकडा पाण्यात बुडवला, पुन्हा आणला, पुन्हा झुलली. बोटं हलत नव्हती, सगळी ती हलत होती. चारदा असं झाल्यावर तिनं तुकडा उजेडाकडे धरला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, स्वच्छ उतार. दुकानदारानं तो तिच्या हातून घेऊन न्याहाळला. “बाई, आधी कधी केलंय हे?”

“चष्म्याच्या काचा,” ती मास्कच्या आतून म्हणाली. “वीस वर्षं. चष्मेवाल्याच्या वर्कशॉपमध्ये.”

हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? लग्नाआधी तो त्याच वर्कशॉपच्या दाराशी तिची वाट पाहत उभा राही. तिच्या बोटांच्या टोकांना तेव्हा पांढऱ्या भुकटीचा वास असे, धुतला तरी न जाणारा. ती म्हणे, काचेला घाई चालत नाही, घाई केली की तडकते, आणि तोंडही वाकडं करते. तिथे ओळीनं बसणाऱ्या सात जणींत नंबराच्या जाड काचा फक्त तिच्याकडे येत. नोकरी सोडली त्या दिवशी मालकानं तिला जेवायला थांबवलं होतं, आणि घरी आल्यावर तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, पण तेवढ्यात दादांची चादर बदलायची वेळ झाली. ते वाक्य पुढे कधी पुरं झालं नाही. त्यानं विचारलंही नाही. तीन वर्षांत त्याच्या मनात ‘बायको काय करायची’ या जागी नुसतंच ‘घरी असते’ येऊन बसलं होतं, आणि हा बदल झाला त्याचा त्याला पत्ता नव्हता. त्याला आपली शरम वाटली. खरी, कान गरम करणारी शरम.

दुकानदारानं तिला दुसरा तुकडा दिला. मग तिसरा, टोक असलेला. ती उभी होती, पाय किंचित फाकून, आणि तिच्या खांद्यांचा तो कायमचा चढलेला ताण कुठे गेला होता कोण जाणे. “साडेतीन झाले,” तो म्हणाला. ती झुलली, बुडवलं, पुन्हा झुलली. “अगं, साडेतीन.” यंत्राचा आवाज फार नव्हता, सगळ्यात सावकाश चालणारं यंत्र होतं ते. तिला ऐकू जायला हरकत नव्हती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “निघायचं का? नर्सबाई चारला जाणार.” तेव्हा तो ज्या आवाजात काचेच्या दाराआडून ‘आलोच’ म्हणत असे, नेमका तोच आवाज त्याला समोरून ऐकू आला. लांबून येणारा, कुणालाच उद्देशून नसलेला. “तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी हेच घेऊन येते. टोकाला कसं वळवायचं तेवढं बघू दे.” मान वर केली नाही. त्यानं पर्स टेबलावर ठेवली आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडला.

घरी नर्सबाई चपला घालूनच बसल्या होत्या. “एकटाच? ती कुठंय?”

“येतेय. मशीन बघतेय.”

“बघू दे, बघू दे. कधी नव्हे ती बाहेर पडलीय.” त्या उठल्या. “दादांचं पाणी झालंय, औषध झालंय. दोनला पाठीवर निजवलंय, आता चारला डाव्या कुशीवर कर. उशा तुला माहीतच आहेत.”

“हो, हो,” तो म्हणाला. विचारायचं होतं ते तोंडातच राहिलं. बाई गेल्या, दार लागलं, आणि घरात दादांच्या श्वासाखेरीज आवाज उरला नाही. दादा त्याच्याकडे पाहत होते. तो पलंगाशी गेला, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, आणि भावाला वळवलं. दादा जड होते. इतके जड असतील हे त्याच्या हातांना नवीन होतं. ती हे दर दोन तासांनी करत होती. पायथ्याशी तीन उशा होत्या, एक लांबट, एक चपटी, एक लहान. त्यानं लांबट उशी उचलली आणि तो तिथेच उभा राहिला. ती कुठे लागते हे त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षं याच घरात, याच भिंतींत, आणि त्याला माहीत नव्हतं. त्यानं ती डोक्याखाली सारायला घेतली. दादांनी डावा हात गादीवर दोनदा आपटला. नको. मग तोच हात कोपरातून वाकवून त्यांनी आपल्या गुडघ्याकडे बोट केलं. त्यानं उशी दोन गुडघ्यांमध्ये ठेवली. दादांनी बोट छातीपुढे आणलं. तिथे चपटी उशी, तिच्यावर त्यांचा मेलेला उजवा हात. मग त्यांना मागे बोट नेता येईना, तेव्हा त्यांनी डोळे वळवून पाठीकडे दाखवलं. हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे केलं, घरी नव्यानंच आलेल्या माणसाला पाण्याचं मडकं कुठंय ते दाखवावं तसं. लहान उशी पाठीशी बसवून त्यानं चादर ओढली. डोळे त्यानं तिथल्या तिथे पुसले; दादांसमोर रडणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक काम टाकणं होतं.

ती कधी येणार हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं; तिनं तरी त्याला कधी विचारलं होतं? त्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तो बसला. सहाला पुन्हा कूस बदलायची होती. उशा कुठे लागतात हे आता त्याला कळलं होतं, आणि कळलं नाही असं यापुढे म्हणता येणार नव्हतं.